शेऱ्याचा रकाना

२ तारीख, सोमवार

लॅपटॉप गेला. सकाळी सातला झाकण उघडलं, बटण दाबलं, तर आतून टक, टक, टक. कोणीतरी आत अडकलंय आणि दार ठोठावतंय असा आवाज. मग काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय? काल संध्याकाळी होती की. मी काय ती पिशवीत घालून बाहेर नेली?

अकरा वेळा बंद-चालू केला. बाराव्यांदा टकटकही थांबली. हे चहा घेऊन आले, माझा चेहरा बघून खालच्या आवाजात विचारलं, "कोणी गेलं का?"

शाळा सोळाला उघडते. अठ्ठावीस तुकड्या, एकेचाळीस शिक्षक, आठवड्याचे चाळीस तास. हे सगळं एकमेकांत बसवायचं काम मी एकोणीस वर्षं करते आहे. पगार गणित शिकवायचा मिळतो. वेळापत्रक ही हौस. हौस म्हणजे, कोणी करेना म्हणून गळ्यात पडलेलं काम, आणि आता कोणी काढून घ्यायला आलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन असं काम.

आणि काढून घ्यायला आलेच आहेत. संस्थेच्या सचिवांना कुठल्याशा कंपनीचं तयार सॉफ्टवेअर आणायचं आहे. एक बटण दाबलं की वेळापत्रक तयार, म्हणे. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी मान डोलावली असणार. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हापासून त्यांची माझ्यावर नजर आहे. मला निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलं आहे. ते वर्ष मी माझ्या पद्धतीने काढणार. लॅपटॉप मेला हे त्यांना कळू देणार नाही.

नकला मात्र आहेत. दर शुक्रवारी न चुकता ठेवते. 'नक्कल', 'नक्कल दोन' आणि 'हीच खरी'. तिन्ही डी ड्राइव्हवर, सुरक्षित.

३ तारीख, मंगळवार

डी ड्राइव्ह ही वेगळी वस्तू नसते. नऊ वर्षं हा लॅपटॉप वापरते आहे आणि हे मला आज कळलं. एकाच कपाटाचे दोन कप्पे, म्हणाला दुरुस्तीवाला. कपाटच जळालं, तर वरच्या कप्प्यातल्या साड्याही जळाल्या आणि खालच्या कप्प्यातल्याही. त्याने ते इतक्या गोड आवाजात सांगितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मी पोरांना उदाहरणं देऊन समजावते, मला कोणी उदाहरणं देऊ नयेत.

त्याचं म्हणणं, नवाच लॅपटॉप घ्या. मी नाही म्हटल्यावर म्हणाला, जुन्या डिस्कमधून काही निघतंय का बघतो, दोन दिवस ठेवून जा, पासवर्ड या चिठ्ठीवर लिहून द्या. त्याच्या काउंटरवर सात लॅपटॉप एकावर एक पडलेले, प्रत्येकावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, फोन आणि पासवर्ड. एक तर माझ्या डॉक्टरीणबाईंचा होता. मी त्याच्या हातातून माझा लॅपटॉप काढूनच घेतला.

इथे, या वहीत, कारण लिहायला हरकत नाही. माझ्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये एक लपवलेला रकाना आहे. त्याचं नाव शेरा. बहुतेक शिक्षकांच्या नावांपुढे त्यात एक ओळ असते. विज्ञानाच्या बाईंची आई घरी अंथरुणावर आहे, मदतनीस नऊला येते, म्हणून त्यांना पहिला तास नको. शारीरिक शिक्षणाचे सर घटस्फोटाच्या तारखांना जातात, म्हणून गुरुवारी दुपारी मोकळे. हे लोकांनी मला एकटीला सांगितलेलं आहे, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, कधी डोळे पुसत. मी कधी कोणाला विचारलं नाही आणि कधी कोणाला सांगितलं नाही. फक्त तास बसवले.

सगळ्यात जड ओळ चित्रकलेच्या सरांची. गेल्या वर्षीपासून त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, मोठ्या सुट्टीनंतर. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. सचिवांना हे कळलं तर पुढल्या वर्षीचं पत्र निघणार नाही. पत्र नाही तर शाळेचा विमा नाही, आणि विमा नाही तर डायलिसिस कशाच्या जोरावर करायचं? म्हणून हे दोघांनाच ठाऊक आहे, त्यांना आणि मला. दुकानातल्या चिठ्ठीवर मी पासवर्ड लिहिणार नाही तो नाहीच.

नवी डिस्क घेतली. ही जुनीसारखी फिरणारी नसते, म्हणे, त्यामुळे टकटकणार नाही. मीच बसवीन म्हटलं तर दुरुस्तीवाला हसला. हसू दे.

घरी पोचते तोच मोठ्या बाईंचा फोन. तेराला समितीची बैठक आहे, सचिव कंपनीच्या माणसाला घेऊन येणार, त्याआधी तुमचं वेळापत्रक माझ्या टेबलावर हवं. आणि शेवटी, अगदी सहज बोलल्यासारखं: "चित्रकलेचा कार्यभार एकदा नीट बघा. मी परिपत्रक पाठवलंय, ते वाचा." म्हणजे यांचा डोळा सरांवर आहे. वाटलंच होतं. परिपत्रक आलंय फोनवर. वाचतंय कोण.

४ तारीख, बुधवार

ह्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण हत्यारांचा डबा कपाटात सगळ्यात वर, हाताशी. काल रात्री जेवताना मी बडबड केली. आज सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून, दिवा ओढून, डोळ्याला भिंग लावून बसलेले.

आधी एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचा आकार काढला. प्रत्येक स्क्रू निघाला की पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवायचा. दहा स्क्रू, त्यांतले तीन लांब, सात आखूड. लांब स्क्रू आखुडाच्या जागी पिळला तर पुढून टेंगूळ येतं, म्हणाले. एक स्क्रू रबरी पायाखाली लपलेला होता, तो त्यांना बोटाने चाचपून सापडला, मला यंत्राच्या पुस्तकातही सापडला नव्हता.

पेचकस मात्र माझ्या हातात. त्यांचा हात हल्ली थोडा थरथरतो. वयाने असेल. ते नुसते सांगत होते आणि मी करत होते, आणि लग्नाच्या पस्तीस वर्षांत इतका वेळ मी त्यांचं ऐकलेलं मला आठवत नाही. आधी बॅटरीची पट्टी सोडव. ओढू नकोस, डोलव. घाई झाली की उठून पाणी पी.

चार वेळा पाणी प्यायले.

जुनी डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत होती. चौकट काढली, नव्या डिस्कला लावली, खाचेत सरकवली. बारीकसा टक आवाज आला. हा आवाज बरा होता.

५ तारीख, गुरुवार

आज दिवसभर लढाई.

दोन वर्षांपूर्वी का गेल्या वर्षी, शाळेत संगणकाचं एक प्रशिक्षण झालं होतं. त्यात प्रत्येकाकडून लॅपटॉपची इमेज करून घेतली होती. म्हणजे त्या दिवशी लॅपटॉप जसा होता तसा सगळाच्या सगळा, सिस्टिमसकट, बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून ठेवायचा. शिवाय लॅपटॉप सुरूच झाला नाही तर त्याला जागं करायला एक पेन ड्राइव्ह. मी ते दोन्ही एका मोज्यात घालून ठेवलं होतं. तेव्हा सगळे हसले होते. आता हसा.

पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला लॅपटॉप चालू होताना वरच्या ओळीतली एक कळ दाबावी लागते. कोणती, हे प्रत्येक कंपनीने वेगळं ठरवलंय. मी डावीकडून सुरुवात केली. बाराच कळा आहेत, पहिलीतल्या पोरालाही जमेल. नवव्या कळीला निळा पडदा आला. दुरुस्त करा, पुढे जा, इमेजवरून परत आणा. इमेज सापडली. मी टाळी वाजवली.

मग यंत्र म्हणालं, नवी डिस्क लहान आहे, उतरवता येणार नाही.

मी वाद घातला. खरंच, मोठ्याने घातला, हे आतल्या खोलीतून ऐकत होते. जुन्या पाचशे जीबीच्या डिस्कवर माझं सामान होतं जेमतेम साठ. नवी डिस्क दोनशे चाळीसची. साठ दोनशे चाळिसात मावत नाही? पण यंत्र सामान मोजत नाही, भांडं मोजतं. जुनं भांडं जेवढं होतं तेवढं किंवा त्याहून मोठं लागतं, मग आत घोटभर पाणी का असेना. दुरुस्तीवाल्याला हे ठाऊक होतं का? फोन केला. ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही? तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

६ तारीख, शुक्रवार

बदलून आणली. पाचशे बाराची. दुरुस्तीवाला या वेळी हसला नाही, उलट स्क्रू कसे लक्षात ठेवलेत विचारलं. पुठ्ठ्याचं सांगितलं नाही. आमच्या घरातली विद्या आहे ती.

परत दहा स्क्रू, परत चौकट. आज निम्म्या वेळात झालं. मग निळा पडदा, इमेज, आणि एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे. दोन तास तिच्यासमोर बसून होते. हे मधून मधून येऊन किती झालं विचारत होते, दूध उतू जायची वाट बघितल्यासारखे.

लॅपटॉप सुरू झाला. माझाच, तोच, त्याच पिवळ्या फुलांच्या पडद्यासकट. आणि पासवर्ड मागितला. आत्ताचा दिला, चालेना. बरोबरच आहे, त्याला आत्ताचं काय माहीत, त्याचं जग इमेज केली त्या दिवशी थांबलंय. शाळेच्या नियमाने दर सत्राला पासवर्ड बदलायचा असतो. आठवायची खूण म्हणून मीच लिहून ठेवलं होतं: नेहमीचाच.

हे म्हणाले, "तेव्हा तुझं कोणाशी भांडण चालू होतं ते आठव."

वरच्या मजल्यावरच्यांच्या कुत्र्यावरून. टाइप केलं: कुत्राआवरा३. उघडला.

ते कुत्रं आता नाही, आणि त्यावरून हिशेब लागला. ही इमेज गेल्या वर्षीची नाही. दोन वर्षांपूर्वीची आहे.

७ तारीख, शनिवार

वेळापत्रकाची फाइल आहे. दोन वर्षं जुनी. तिच्यात सोडून गेलेले चार शिक्षक अजून इमानेइतबारे तास घेताहेत आणि नवे आलेले सहा जन्मलेलेच नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात चौदा ओळी. गेल्या वर्षी एकतीस होत्या.

आठवून लिहायला बसले. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, अशी माझी ख्याती आहे. दुपारपर्यंत एकोणीस झाल्या. मग काही सुचेना. संगीताच्या बाईंना पहिला तास नको की शेवटचा? समाजशास्त्राच्या सरांचं काय होतं? काहीतरी होतं, ते मला सांगताना त्यांचा आवाज बसला होता, एवढंच आठवतं. आवाज आठवतो आणि गोष्ट आठवत नाही, याची मला लाज वाटली. लोकांनी विश्वासाने दिलेलं मी डी ड्राइव्हवर ठेवलं आणि निर्धास्त झाले.

चित्रकलेच्या सरांच्या नावापुढे शेरा नाही. तेव्हा ते बरे होते. अठ्ठावीस तास, चौदा तुकड्या, प्रत्येक तुकडीला एक जोडतास. गेल्या वर्षी त्यांचा त्रास कळल्यावर मी तीन तुकड्या काढून हस्तकलेच्या बाईंच्या नावावर टाकल्या आणि सरांना बावीसवर आणलं. शिवाय बुधवार जवळजवळ रिकामा ठेवला, मंगळवारच्या डायलिसिसनंतर विश्रांती मिळावी म्हणून. सर नुसते 'बरं' म्हणाले. ते तसेच आहेत, संकोची.

निदान ती ओळ मला पूर्ण पाठ आहे.

८ तारीख, रविवार

विचारण्याखेरीज इलाज नाही. सकाळपासून फोन. लॅपटॉपचं कोणाला सांगितलं नाही. नव्या वर्षाचं बसवतेय, तुमचं मागच्या वर्षीसारखंच ठेवू ना, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. लोक बोलतात. विज्ञानाच्या बाईंची आई सुट्टीत, मेमध्ये गेली. आता त्यांना पहिलाच तास हवा आहे, सकाळी घरात बसवत नाही म्हणाल्या. शारीरिक शिक्षणाच्या सरांचा निकाल लागला, गुरुवार नको. माझी गेलेली फाइल हाताशी असती, तर मी दोघांनाही गेल्या वर्षीचंच वाढून ठेवलं असतं.

मग भाषेच्या बाई. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शांत, कधी तक्रार नाही. त्यांची ओळ मला पाठ होती: गुडघे, जिना नको. चार वर्षं मी त्यांना तळमजल्याचेच वर्ग देते. मी म्हटलं, तुमचं मागच्यासारखंच, खालचे वर्ग.

"एक विचारू का, बाई? मला दहावी का देत नाही तुम्ही?"

दहावी तिसऱ्या मजल्यावर असते. मी म्हटलं, तुमच्या गुडघ्यांसाठी.

"कोणाच्या गुडघ्यांसाठी?"

चार वर्षांपूर्वी त्यांचा पाय मुरगळला होता. पंधरा दिवस. मी त्यांना जिन्यात कठड्याला धरून उभं राहिलेलं पाहिलं आणि घरी येऊन शेरा लिहून टाकला. त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. "मला वाटलं, माझं शिकवणं तुम्हाला पटत नाही," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मला तेच वाटतंय. घरी सांगायचीही सोय नव्हती." त्या रडल्या नाहीत, रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. दहावीच्या दोन्ही तुकड्या दिल्या. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेली परत घासली.

९ तारीख, सोमवार

आज काही लिहीत नाही. राग आला आहे. कोणाचा ते ठरलेलं नाही.

१० तारीख, मंगळवार

चित्रकलेच्या सरांना फोन करायची गरज नव्हती, त्यांची ओळ पाठ आहे. पण भाषेच्या बाईंचीही पाठच होती. केला. ते नेमके मशीनवर होते. बोलू का नंतर, म्हटलं, तर म्हणाले, "नंतर कशाला? चार तास पडूनच आहे, कंटाळलोय. बोला."

मी विचारलं, वर्षभराचं कसं बसवू? मागच्यासारखं? आणि या वेळी गप्प बसले. माझ्यासाठी हे सोपं काम नाही.

आधी ते बरं म्हणाले. मग म्हणाले, खरं सांगू? आणि सांगत राहिले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात ताजे असतात. बुधवारी त्यांना डोंगर चढायला सांगा. मी त्यांना नेमका बुधवार रिकामा दिला होता, आणि ते वर्षभर शिक्षकांच्या खोलीत बसून खिडकीबाहेर बघत होते. वाईट असतो तो सोमवार. शुक्रवारनंतर तीन दिवस मध्ये गेलेले असतात, पाय सुजतात, दम लागतो. आणि सोमवारी मी आठही तास कोंबले होते.

"का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं करत होतात, त्यात मी आणखी काय मागू?"

आणि त्याहून वाईट पुढे होतं. त्यांनी विचारलं, परिपत्रक वाचलंत ना? मी हो म्हणणार होते. नाही म्हटलं. तर त्यांनी सांगितलं. या वर्षापासून पूर्ण पदाला आठवड्याचे किमान चोवीस तास लागतात. त्याहून कमी असेल ते पद अर्धं धरायचं. अर्ध्या पदाला विमा नाही.

मी दिलेत बावीस.

सचिवांनी काही करायची गरजच नव्हती. कोणाला काही कळायचीही गरज नव्हती. डिस्क गेली नसती, तर मी गेल्या वर्षीची फाइल उघडून, चार नावं बदलून, तेराला ऐटीत टेबलावर ठेवली असती, आणि सरांचा विमा माझ्या हाताने कापला असता. दयेपोटी.

११ तारीख, बुधवार

चौदा जोडतास. अठ्ठावीस. दोन वर्षांपूर्वी होते तेवढे. मंगळवारी आणि शुक्रवारी मोठ्या सुट्टीआधी दोन-दोन. सोमवारी तीन, मोठ्या सुट्टीनंतर श्वास घ्यायला जागा ठेवून. गुरुवारी तीन. बुधवारी चार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, डोंगर.

सरांचं बसलं की गणिताच्या दोन तुकड्या एकमेकांवर आदळतात. त्या सोडवल्या की प्रयोगशाळेत एका वेळी तीन वर्ग येऊन बसतात. ते काढले की ग्रंथालय. मी जेवणाच्या टेबलावर कागदाचे चौकोन कापून मांडले. कंपनीच्या माणसाचं बटण हे करेल का? करेलही. पण सोमवारी पाय सुजतात हे बटणाला कोण सांगणार?

१२ तारीख, गुरुवार

बसलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. एकही तास एकमेकांवर नाही. हस्तकलेच्या बाईंना फोन करून सांगितलं की चित्रकलेच्या तीन तुकड्या परत घेतेय. त्या म्हणाल्या देव पावला, मला कधी धड माठ काढता आला नाही.

फाइल लॅपटॉपवर आहे, बाहेरच्या डिस्कवर आहे, पेन ड्राइव्हवर आहे, आणि छापील प्रत ह्यांच्या हत्यारांच्या डब्यात आहे. चारही वेगळ्या वस्तू. खात्री करून घेतली.

१३ तारीख, शुक्रवार

बैठक. लांब टेबल, सचिव मधोमध, शेजारी कंपनीचा माणूस, इस्त्रीचा सदरा, पातळ लॅपटॉप. माझा नऊ वर्षांचा ठोकळा मी मुद्दाम त्याच्या शेजारी ठेवला. तीन सेकंदांत सुरू झाला. त्याचा वर्तुळ फिरवत बसला होता.

सचिवांनी सरळ चित्रकलेचं पान काढलं. बोट लावून तास मोजले. अठ्ठावीस. परत मोजले. मग भुवया वर. गेल्या वर्षी बावीस होते ना? होते, म्हटलं, माझी चूक झाली होती, दुरुस्त केली. चूक झाली म्हणणं इतकं सोपं असतं हे मला सत्तावन्न वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांचं बोट मंगळवारवर आणि शुक्रवारवर. सुट्टीनंतर दोन्ही दिवस पांढरे. हे रिकामे चौकोन कशासाठी? कंपनीचा माणूस पुढे सरसावला. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रिकाम्या चौकोनाला कारण भरावंच लागतं, भरलं नाही तर पान पुढे जात नाही. सचिवांना ते फार आवडलं. भरा की मग, म्हणाले, आत्ताच भरा.

मी उभी राहिले. बसून बोलता आलं असतं, पण उभी राहिले.

"प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात बारा तास मोकळे येतात. मलाही येतात. सरांचे आठ इथे पडले, चार तिथे. मी तसे बसवले. याहून दुसरं कारण नाही, आणि असलं तरी ते मी कुठल्या यंत्रात भरणार नाही. एकेचाळीस माणसांचे मोकळे तास आहेत. कोणाचं पोर आजारी असेल, कोणाला नुसतं बसायचं असेल. विचारायचं असेल तर त्या-त्या माणसाला तोंडावर विचारा."

मला वाटलं आता मोठ्या बाई बोलतील आणि माझा निकाल लागेल. त्यांनी माझा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, कार्यभार पूर्ण आहे, नियमात आहे, मोकळे तास हा वेळापत्रक करणाऱ्याचा प्रश्न. आणि सही ठोकली. कंपनीचा विषय पुढल्या वर्षावर गेला.

बाईंनी अशी घाई का केली कळलं नाही. कंपनीवाल्याशी काहीतरी बिनसलं असणार. आमचं काम झालं, एवढं खरं.

१७ तारीख, मंगळवार

शाळेचा दुसरा दिवस. मोठी सुट्टी झाली. सर पिशवी खांद्याला लावून जिना उतरले. फाटकाकडे जायचं तर मोठ्या बाईंच्या खोलीवरून जावं लागतं, आणि बाई खिडकीतच उभ्या. नेमक्या. मी धावत आत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिले, खिडकी झाकली जाईल अशी, आणि ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्यांबद्दल काहीतरी विचारायला लागले.

त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "सर निघाले का?"

ग्रंथालयात गेलेत, मी म्हटलं.

"बाई, बाजूला व्हा. एकची बस चुकली तर त्यांचं मशीन दुसऱ्याला देतात. वेळेत निघाले ना, तेवढंच बघतेय."

कधीपासून माहीत आहे, कसंबसं विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हणाल्या. विम्याच्या कागदावर दर महिन्याला मुख्याध्यापकाची सही लागते.

सही लागते. अर्थात लागते. वर्षभर मला वाटत होतं की हे दोघांनाच ठाऊक आहे, आणि ते कागद दर महिन्याला यांच्या टेबलावरून जात होते. मग सांगितलं का नाही मला? मी दोन वर्षं तुमच्याशी काय वागले!

"परिपत्रक पाठवलं. फोन केला. कार्यभार बघा म्हटलं. याहून जास्त मी बोलून दाखवू शकत नव्हते, आणि तुम्हाला सांगायचं तर तुम्ही कोणाचं ऐकता?" एवढं बोलून त्या परत खिडकीकडे वळल्या. सर फाटकाबाहेर पडले होते. आम्ही दोघी बस दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.

संध्याकाळी घरी येऊन फाइल उघडली. शेऱ्याच्या रकान्यात, मी सोडून, चाळीस नावांपुढे आता त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, किंवा रिकामं आहे. मोठ्या बाईंचं नाव त्यात कधी घातलंच नव्हतं, त्या शत्रूपक्षातल्या ना. आज शेवटी एक ओळ वाढवली आणि त्यांचं नाव लिहिलं. पुढे काय ते मला माहीत नाही. दोन वर्षं रोज त्या सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात, त्यामागे काहीतरी असणार, पण माझ्या मनाने मी काही भरणार नाही. उद्या जाऊन विचारणार आहे. सांगितलं नाही तर भांडणार आहे.